उजव्या हाताची तालीम

या, सरकून जरा जवळ बसा. लांब बसणाऱ्याला अर्धीच गोष्ट मिळते, आणि ही तर मुळातच एवढीशी. एका भल्या माणसाची आहे. ऐका.

"उजवा! अगं बाई, उजवा!" स्काऊट पथकाचे सर, बापू, ओरडले.

रांगेतली सगळ्यात बुटकी मुलगी दचकली. तिने डावा हात मागे घेतला, उजवा पुढे केला आणि बापूंकडे रोखून पाहिलं.

"बापू, तुम्हीच म्हणालात ना, स्काऊट डावा हात मिळवतो, कारण तो हृदयाजवळ असतो? मग आता हृदय सरकलं का?"

सगळी रांग खिदळली. बापू हसले नाहीत. या हॉलात उभा जन्म त्यांनी पोरांना डावाच हात शिकवला होता.

"सरकलं म्हण," ते म्हणाले. "उद्यापुरतं."

उद्या मालक येणार होते. स्काऊट पथकाला हॉलबाहेर काढायला जुन्या मालकाने खटला भरला होता, आणि निकाल लागायच्या आतच इमारत विकून तो मोकळा झाला. नव्या मालकाने इमारत घेतली, तिच्याबरोबर खटलाही घेतला. न्यायाधीश म्हणाले, आपसात मिटतंय का बघा. मालकांचा निरोप आला, येऊन बघतो, मग ठरवतो. बरीच वर्षं परदेशात काढलेला माणूस, यापलीकडे त्यांच्याबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हतं.

हॉल गेला की पथक गेलं, हे बापूंना कळत होतं. दुसरी जागा घ्यायची ऐपत नव्हती. मुलींना घेतलं तेव्हा निम्मे पालक रुसून गेले. घेतलं नसतं तर उरलेले निम्मे गेले असते. विम्याचा हप्ता वर्गणीच्या पुढे पळत होता.

वकीलबाई पथकाचं काम फुकट बघायच्या. मनाने चांगल्या. त्या म्हणाल्या, "बापू, माणूस बाहेर राहिलेला आहे. त्याला खटकेल असं काही समोर नको."

मग एकेक गोष्ट निघत गेली. गणवेश पेटीत गेला, कारण तो पलटणीसारखा दिसतो. प्रार्थना गेली, कारण कोणाच्या देवाची, हा वाद नको. गाठी शिकायचे दोर गेले, कारण पोरांच्या हाती दोर म्हटलं की विमावाल्याला घाम फुटतो. शेकोटी तर केव्हाच गेली होती. तिच्या जागी लाकडांखाली लाल दिवा लागायचा आणि पोरं इमानाने त्याच्यावर हात शेकायची. दारावरची पाटी उतरली, तिथे 'व्यक्तिमत्त्व विकास वर्ग' अशी नवी चढली. राहता राहिला हात.

"डावा हात पुढे केला की किती जणांना अपमान वाटतो, ठाऊक आहे?" वकीलबाईंनी विचारलं.

"मलाही पहिल्या दिवशी वाटला होता," बापू म्हणाले. "दुसऱ्या दिवसापासून उजवाच परका वाटायला लागला."

"उद्या तेवढा वाटू देऊ नका."

बापू भाविक. घरी जाऊन देवापुढे बसले आणि म्हणाले, "देवा, एवढा हॉल राख. बाकीचं सगळं मी काढून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी मालक आले. डोक्याला टक्कल, अंगात साधा सदरा. दारातच थबकले. नवी पाटी वाचली. आत येऊन भिंतीवरून नुसता हात फिरवला, छताकडे पाहिलं. मग रांगेपाशी गेले, बुटक्या मुलीसमोर वाकले आणि त्यांनी हात पुढे केला.

डावा.

मुलीने वळून बापूंकडे पाहिलं. बापूंचा स्वतःचा डावा हात खांद्यापासून हलला. तेवढ्यात वकीलबाई कानाशी पुटपुटल्या, "डावखुरे असतील हो. ठरलंय तसंच होऊ दे."

बापूंनी हात आवरला. मुलीला डोळ्यांनीच खूण केली. तिने उजवा हात पुढे केला, तालमीत बसवला होता तसा, अगदी चोख. पाठोपाठ सगळ्या रांगेचे उजवे हात पुढे आले.

मालकांनी आपला हात हळूच बदलला. प्रत्येकाशी उजवा मिळवला, प्रत्येकाला नाव विचारलं. "शिस्त चांगली आहे," म्हणाले. बापूंचा जीव भांड्यात पडला.

"वर्ग छान चालवता तुम्ही," निघताना मालक म्हणाले. "असे वर्ग कुठेही चालतील. हॉल तेवढा रिकामा करून द्या. सवडीने करा, घाई नाही."

वकीलबाई कागद चाळतच राहिल्या. बापू मात्र मागोमाग जिन्यापर्यंत धावले.

"साहेब, आमचं काही चुकलं का?"

"छे हो. चुकलं काहीच नाही."

"मग मघाशी तुम्ही तो... डावा हात..."

"जुनी सवय," मालक म्हणाले. "याच हॉलात लागली. तुमच्या आधीचे सर होते तेव्हा. इमारत घेतली ती हा हॉल पथकाच्या नावे करून द्यायला. पण येऊन बघतो तर पथक माझ्या आधीच जागा सोडून गेलेलं."

बापूंनी डावा हात पुढे केला.

मालकांनी त्या हाताकडे पाहिलं. "आता राहू द्या, बापू. मघाशी पुढे आला असता तर तो पथकाचा असता. आता तो हॉलासाठी आहे." आणि ते जिना उतरून गेले.

तेव्हा बाबांनो, एवढंच मागतो. आपापल्या देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्यात एक डावा असतोच. तो जोडताना आमच्या बापूंची आठवण ठेवा.