रोजच्या वापराची गाडी

"रोजच्या वापराला छोटीच बरी, वहिनी," शोरूममधला इंगळे म्हणाला. तो सुधन्वाच्या ओळखीतला. "साहेबांचा गाडी चालवायचा हात उतरवू हिच्यात? जुन्या गाडीच्या मेंदूत आहे अजून. हुबेहूब त्यांच्यासारखी चालेल. आणि अपघाताची धास्ती नको. एकदाच घडलेलं उतरत नाही, रोजचं तेवढंच उतरतं."

वैजयंता हो म्हणाली. तिच्या नवऱ्याला, सुधन्वाला, जाऊन वर्ष होत आलं होतं. घाटात ब्रेक निकामी झाले, असंच सगळे म्हणाले होते.

चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला आणि गाडी तिला घेऊन आपली आपण घरी निघाली. खड्डा यायच्या आधीच हळू व्हायची, अगदी सुधन्वासारखी. घाटातल्या मारुतीपुढे तिने हलकाच हॉर्न वाजवला. तो असाच नमस्कार करायचा. वैजयंताने डोळे पुसले.

पुढच्याच वळणावर गाडी रस्ता सोडून कठड्याच्या तुटक्या भागाकडे वळली. पुढची चाकं दरीच्या काठाला नेऊन ती थांबली. वैजयंताने ब्रेकवर पाय दिला, तर तो आधीच घट्ट दाबलेला होता.

बऱ्याच वेळाने गाडी हळूच मागे आली आणि मुकाट रस्त्याला लागली.

रोजचं तेवढंच, इंगळे म्हणाला होता.

घराच्या फाटकाशी गाडीने दोनदा हॉर्न वाजवला. इतकी वर्षं तेच दोन हॉर्न ऐकून वैजयंता आत चहाचं आधण ठेवत आली होती.