नैवेद्याआधीचा पेढा

पेढ्यांच्या नमुन्याची प्लेट जंतूंनी नुसती बुजबुजली होती. वैजयंताबाईंना त्याचं काही नव्हतं. प्रयोगशाळेतली त्यांची उभी नोकरी जंतू बघण्यातच गेली होती. पण पेढा न घालता नुसती पडताळ्यासाठी ठेवलेली प्लेटही तितकीच बुजबुजली होती, आणि ती कोरी राहायला हवी होती.

"साहेब, खंडेनवमीच्या पूजेला तुम्ही इथे काय शिंपडलंत?"

"घटाचं पाणी. घरून आणलं होतं. प्लेटा उघड्याच वाळत होत्या, म्हटलं त्यांच्यावरही पडू दे."

"नऊ दिवसांचं पाणी?"

"तीर्थ आहे ते, बाई! तीर्थात कसले जंतू?"

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी पेढे पुन्हा तपासले, सोबत तीर्थही तपासलं. पेढे निर्मळ निघाले. तीर्थाची बुजबुजलेली प्लेट पाहून साहेबांनी चष्मा पुसला.

या तपासणीपायी ऐन दसऱ्याला दुकान बंद ठेवावं लागलेले ढवळीकर हलवाई पेढ्यांचा पुडा घेऊनच आले.

"थांबा, आधी देवाला दाखवू," साहेब म्हणाले, आणि त्यांचा हात तीर्थाच्या तांब्याकडे गेला.

नैवेद्याआधी जन्मात घास न घेतलेल्या वैजयंताबाईंनी पटकन एक पेढा तोंडात टाकला.