साखळी नको

धर्मकन्येला बाप्तिस्म्याची कोणती भेट द्यावी, हे मरोळच्या एथेलला काही केल्या ठरवता येत नव्हते. सोन्याची साखळी सुचवली, चांदीचा पेला सुचवला. पण बाळाची आई, तिची बालमैत्रीण ज्युलिया, प्रत्येक वेळी मान हलवी.

"चौदा कॅरेटचं सोनं चालत नाही वाटतं महाराणींना? मग हवंय तरी काय?"

"तू रोज संध्याकाळी ये आणि तिला बाटलीनं दूध पाज. साखळी काय गं, कुणीही देईल."

"आळशी कुठली! लेक तुझी आणि आया मी?"

एथेल हसली खरी, पण त्या दिवसापासून एकही संध्याकाळ तिने चुकवली नाही. हळूहळू बाळ तिच्याच खांद्यावर झोपू लागले. ज्युलिया दाराशी बसून दोघींकडे टक लावून पाहत राही. दिवसेंदिवस ती वाळत चालली होती. परळच्या इस्पितळात सारखी कशाला जातेस, असे विचारले की, "बाळंतपणाचा अशक्तपणा गं," म्हणून विषय बदली.

बाप्तिस्म्याच्या दिवशी रिवाजाप्रमाणे ज्युलिया घरीच थांबली. चर्चहून परतलेल्या एथेलने, धर्ममातेने करायचे तसे, उंबरठ्यावर उभे राहून बाळ आईपुढे धरले.

ज्युलियाने पदराखालचे हात बाहेर काढलेच नाहीत.



"असू दे तुझ्याकडेच," ती म्हणाली. "तिला माझ्यासाठी रडायची सवय नको लागायला."