शेळीच्या तोंडचं

"ह्ये माझं न्हाई," बिराप्पा म्हणाला.

खोलीतली कुजबुज थांबली. गार हवेचं यंत्र तेवढं घरघरत राहिलं. 

साल १९७८. सांगलीच्या त्या कॉलेजात प्रदर्शन भरलं होतं आणि कपाटाएवढा कॉम्प्युटर बघायला माणसं लोटली होती. धूळ नको म्हणून सगळ्यांच्या चपला दाराबाहेर. कुणीतरी एक आकडा सांगायचा, तिथेच शिकणारी विजयमाला तो टाइप करायची, यंत्र त्या आकड्याची काहीतरी उलथापालथ करायचं आणि तीनशेतलं एक वाक्य खटाखट छापायचं. कोणतं येणार, हे तिलाही ठाऊक नसे. अक्षरं इंग्रजी, बोलणं मराठी. ती वाचून दाखवायची आणि लोक तोंडात बोटं घालायचे.

वाक्यं होती वाघ-शेळीच्या डावातली. विजयमालाचे वडील जतच्या बाजूला एका धनगरवस्तीवर शाळामास्तर होते. तिथे देवळापुढच्या शिळेवर डावाचा पट कोरलेला होता. तीन वाघ, पंधरा शेळ्या, सगळे साधे खडे. एकाने वाघ व्हायचं, दुसऱ्याने शेळ्या; पाठीमागचं घर मोकळं असलेल्या शेळीवरून उडी मारून वाघाने ती खायची, शेळ्यांनी वाघांना कोंडायचं. वस्तीचा नियम असा, की मुक्याने चाल करायची नाही. वाघाने वाघासारखं बोलायचं, शेळीने शेळीसारखं, मगच खडा हलवायचा. शेळ्यांकडून बिराप्पा बसला की लोक जेवायचं विसरत. विजयमालाने तीन सुट्ट्या तिथे घालवून त्याचं बोलणं वहीत उतरवलं होतं आणि मग कार्डांना भोकं पाडून ते यंत्राला शिकवलं होतं.

विभागप्रमुख हंबीररावांना हा सगळा पोरखेळ वाटे. "हे तुम्हीच घरी बसून रचलं नाही कशावरून?" त्यांनी विचारलं होतं. "त्या माणसाला आणा. त्याने सगळ्यांसमोर हो म्हटलं तर कार्डं राहतील. नाहीतर प्रदर्शन संपलं की रद्दीत." म्हणून तिने बिराप्पाला एसटीने आणलं होतं. त्याची बायको हरणाबाईही बरोबर आली होती.

आणि आता हा भला माणूस नाही म्हणत होता.

दुसरा आकडा दिला गेला. विजयमालाने वाचलं, "एकटी फिरू नगं गं, पाठ उघडी पडती."

"ह्ये बी माझं न्हाई."

तिसरं वाक्य आलं. "भ्याली म्हून थांबली न्हाई, तुझी वाट बघत थांबलीया."

बिराप्पाने मान हलवली. हंबीररावांनी कार्डांचा खोका बंद केला.

"आबा, असं काय करता?" विजयमाला रडकुंडीला आली. "माझ्यासमोर बोलला होतात तुम्ही!"

"बोललो की." बिराप्पा हंबीररावांकडे वळला. "सायेब, पोरीनं लबाडी क्येली न्हाई. माझ्या तोंडचं हाय, पर माझं न्हाई. समदं माझ्या बायकूचं, हरणाचं हाय. आमच्यात बाया शिळंवर बसत न्हाईत. ती मागं लोकर कातत बसायची आन आपल्या शेळ्यास्नी बोलायची. तिचा एक डोळा पटावर. तिनं 'एकटी फिरू नगं गं' म्हटलं की कुठला खडा हलवायचा ते मला कळायचं. तिचंच बोलणं मी मोठ्यानं म्हणायचो. चाळीस वर्सं लोकं मला लय शाना म्हणत्यात."

विजयमालाला ती मागची जागा आठवली. लहानपणी ती हरणाबाईलाच टेकून बसायची. लोकरीची पुंजकी तिच्या हातात द्यायची. ते शब्द तिच्या डोक्यावरूनच शिळेकडे जात होते, आणि मोठेपणी ही शहाणी मुलगी तिकडून परत आलेले तेवढे लिहून घेत होती.

"कुठे आहेत त्या?" हंबीररावांचा आवाज एकदम खाली आला.

"भाईर. चपला राखत बसलीया."

हरणाबाई आत आली. बाजारात बकरं बघावं तसं तिने यंत्राला चहूबाजूंनी पाहिलं. हंबीररावांनी स्वतःची खुर्ची तिला दिली. ती बसली. मघाचं 'एकटी फिरू नगं गं' विजयमालाने पुन्हा वाचायला घेतलं, आणि पुढचं तिच्या तोंडून येण्याआधीच हरणाबाईने 'पाठ उघडी पडती' म्हणून ते पुरं केलं. हंबीररावांनी खोका उचलला आणि आपल्या कपाटात ठेवला. कुलूपसुद्धा लावलं.

"मावशी, आता तुम्ही एक आकडा सांगा," विजयमाला म्हणाली.

"पंधरा," हरणाबाई म्हणाली. "समद्या वाचल्या पायजेत."

यंत्र खडखडलं. कागद वर सरकला. विजयमालाने तो आधी मनात वाचला. ती संध्याकाळ तिला लख्ख आठवत होती. बिराप्पा हे बोलला तेव्हा शिळेभोवतीची माणसं खो खो हसली होती. मागच्या ओळीतल्या शेळीबद्दल बोलतोय, असंच सगळ्यांना वाटलं होतं. लिहिता लिहिता तीही हसली होती.

तिने मोठ्याने वाचलं, "मी निस्ता खडा सरकवतो, गड्यांनो. बोलणारी मागं बसलीया."

 बिराप्पा खाली फरशीकडे बघत राहिला.

"हेही तुमचंच ना, मावशी?" हंबीररावांनी विचारलं.

हरणाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. मग तोंडाला पदर लावून हसली.

"न्हाई. ह्ये तेवढं ह्यांचं हाय."