कमळाकरांची अट

उद्या बायपास होती आणि शिरवण्याचे कमळाकर संमतीपत्रावर सही करायला तयार नव्हते. शस्त्रक्रियेत उरलेला धमनीचा तुकडा एरवी फेकूनच देतात. संशोधक क्षिप्राला तो पेशी वाढवायला हवा होता; संमतीपत्र त्यासाठीच होतं.

"काका, दोनच तर पानं आहेत."

"आमच्या बापानं एकाच पानावर न वाचता अंगठा दिला, शेत गेलं. आता तिथं पार्किंग हाय."

त्यांनी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं. मग खाली पेनाने एक ओळ वाढवली, 'काय झालं ते घरी येऊन सांगायचं', आणि सही केली.

चार महिन्यांनी क्षिप्राने त्यांच्या ओटीवर लॅपटॉप उघडला.

"तुमच्या पेशींवरचे हे हिरवे ठिपके म्हणजे रिसेप्टर. कोलेस्टेरॉलचे कण पेशीत घेतात ते. आम्ही कण भरपूर सोडले, तर जुने रिसेप्टर मोडत गेले आणि नवे बनेनात. मला वाटलं, संपलं. पण कण धुऊन काढले, आणि दोन दिवसांत रिसेप्टर पुन्हा आले."

"म्हंजी त्या पेशी अजून जित्या हायत?"

"वाढतायत, काका. एका डबीच्या सहा झाल्यात."

कमळाकरांनी आत बायकोला हाक मारली.

"पुतळा, भायेर ये. आपलं नेलेलं कुनीतरी दाखवायला आनलंय. वाढलंय म्हनते."