पेन्सिलीचा मास्क

"अगं, केसभर डावीकडे. तुझं डावं नव्हे, निगेटिव्हचं डावं! आणि उलटा धर तो कागद."

सुनेने निमूटपणे उलटा धरला. उजेडाच्या काचेवर पोस्टकार्डाएवढी जुनी निगेटिव्ह होती आणि तिच्यावर ती ट्रेसिंग पेपरचा तुकडा सरकवत होती. तुकड्यावर एकाच जागी, चेहऱ्याएवढं, पेन्सिलीने करडं रंगवलेलं. हा मास्क. छापताना तो तेवढ्या जागी उजेड अडवणार, म्हणजे सावलीत बुडालेला चेहरा जरा वर येणार. एके काळी हे काम सासरे गप्पा मारता मारता उरकायचे. आता हात थरथरत, त्यामुळे नुसतं तोंड चालायचं. ते मात्र झकास चालायचं.

चेहरा सासूबाईंचा होता. सुनेने त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

"बाबा, फोटोग्राफरच्या बायकोचा एकच फोटो? आणि तोही झाडाच्या सावलीत?"

"आहे तो नीट कर." मग त्यांचा आवाज उतरला. "हल्ली ती मला धड आठवत नाही गं. नाक आठवायला जावं, तर हनुवटी निसटते."

सुनेने मास्क निगेटिव्हला चिकटपट्टीने जोडला. लाल दिव्यात ती जोडी फोटोच्या कोऱ्या कागदावर ठेवली, वर काच दाबली, क्षणभर पांढरा दिवा लावला. औषधाच्या ट्रेमध्ये कागद हलवला, तर फोटोत दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या चुलतसासऱ्यांचं टक्कल पांढरंफटक होऊन वर आलं.

"तुम्हीच सांगितलंत उलटा धर म्हणून!"

"मग ऐकलंस कशाला?" सासरे हसता हसता खोकले. "मेला जन्मभर पुढे पुढे करायचा. आताही घुसलाच."

दुसऱ्यांदा तिने त्यांचं एक अक्षर ऐकलं नाही. भिंग लावलं, करड्या डागाची कड सासूबाईंच्या भांगाशी जुळवली, श्वास रोखून पट्टी लावली.

ट्रेमध्ये आधी केस उमटले. मग कपाळ, नाक, हनुवटी. सून वाकून बघत राहिली आणि हिरमुसली. एवढी मेहनत करून हे असं.

"बाबा... त्यांचे डोळे मिटलेत हो."

सासऱ्यांनी टेबलाची कड धरली आणि नाक पार ट्रेला लागेल इतके वाकले.

"मी तीन म्हटलं की मिटलेच हिचे डोळे. दर वेळी!" ते म्हणाले. "चिडायचो मी. बिघडला म्हणून प्रत्येक फोटो फेकून द्यायचो. हा सावलीमुळे कळला नाही, म्हणून राहिला."

ते रडत होते आणि हसतही होते. ती त्यांच्याकडेच बघत राहिली.

"अगं, बघतेस काय नुसती? उचल लवकर, औषधात काळी पडेल ती! हीच ती. अगदी हीच."