स्टाउटमधलं जायफळ

इराने दारात चपला काढल्या आणि चकल्यांचा डबा पूर्वीच्या ओट्यावर ठेवला.

"मला वाटलं, आज येऊ नकोस म्हणशील."

"का? बिअर तयार आहे."

पूर्वीने फ्रिजमधून दोन बाटल्या काढल्या. बिअर दोघी मिळून करायच्या, पूर्वीच्या क्वीन्सटाउनमधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. एक गव्हाची, एक काळी स्टाउट. इथल्या नव्या फ्लॅटमध्ये असतेच अशा बॉम्ब शेल्टरच्या बिनखिडकीच्या खोलीत, तांदळाच्या पोत्याशेजारी ती आंबायला ठेवायच्या. एकेका बिअरमध्ये एकीने आपल्या मनाचा स्वाद घालायचा, दुसरीने तो पिऊन ओळखायचा.

ऑफिसात मात्र इरा मॅनेजर होती आणि पूर्वी तिच्या टीममध्ये. काल दुपारपर्यंत. काल एचआरने पूर्वीला बोलावून नोकरी गेल्याचं सांगितलं, तेव्हा इरा शेजारच्या खुर्चीत बसून टेबलाकडे बघत होती. नोकरीबरोबर या देशात राहायचा पासही गेला. आता महिन्याभरात दुसरी नोकरी, नाहीतर मुलीला शाळेतून काढून परत पुण्याला.

पूर्वीने आधी स्टाउट ओतली. फेस बसू दिला. एक घोट घेतला.

"जायफळ."

"बरोब्बर!" इराचा आवाज जरा मोकळा झाला. "कसं ओळखलंस गं? गव्हाच्या बिअरमध्ये घातलं असतं तर लगेच पकडलं असतंस. काळ्या बिअरमध्ये बरंच काही खपून जातं."

"हो, खपतं." पूर्वीने ग्लास खाली ठेवला. "तू इथेच, माझ्याकडे पाठ करून ते किसत होतीस. मी विचारलं, घरमालक दोन वर्षांचं लीज करायचं म्हणतोय, सही करू का? आठवतंय? काय म्हणालीस?"

"पूर्वी, ते..."

"'कर बिनधास्त, विचार कसला करतेस.' किसणी हातात होती तुझ्या. दुसऱ्या दिवशी सही केली मी. कपातीसाठी माझं नाव तेव्हा दिलेलं होतंस?"

इराने मान खाली घातली. "एक नाव द्यावंच लागणार होतं. कॉन्फिडेन्शियल होतं गं. सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती."

"नोकरीचं मी विचारलंच नव्हतं. लीजचं विचारलं होतं. 'थांब थोडी' म्हणाली असतीस, तर कोणतं गुपित फुटणार होतं?"

काहीतरी करायला हवं म्हणून इराने गव्हाची बिअर स्वतःच ओतून घेतली.

"धणे," ती हळूच म्हणाली. "संत्र्याची साल. आणि अजून काहीतरी आहे." तिने पुन्हा घोट घेतला. "आंबटसर. कोकम? नाही, रंग आला असता. लेमनग्रास?"

पूर्वीने नकारार्थी मान हलवली.

"हरले बाई. सांग ना, काय घातलंयस?"

"कॉन्फिडेन्शियल आहे."

इराचा ग्लास हातातच राहिला. पूर्वीने ओट्यावरचा डबा उचलला. इराचा डबा तिने आजवर कधी रिकामा परत केला नव्हता. लाडू, वड्या, काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. आज तिने झाकण तेवढं घट्ट केलं आणि चकल्यांनी भरलेला डबा दाराबाहेर, इराच्या चपलांशेजारी नेऊन ठेवला.